व्यसनी मुलगा आणि त्याचे घर



व्यसन हा विषय निघाला की वक्त्याने उपदेश करावयाचा आणि श्रोत्यांनी माना डोलवावयाच्या, असा आपल्याकडे एक अलिखित करारच होऊन गेला आहे. तो करार आज मोडावा असा आमचा विचार आहे. आम्हांला उपदेश करावयाचा नाही. एका जुन्या प्रश्नाचा इतिहास तेवढा सांगावयाचा आहे. प्रश्न असा, की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा व्यसनाच्या नादी लागला, शाळा बुडवू लागला, घरातील चीजवस्तू विकू लागला, आईबापांना उलटून बोलू लागला, तर औषध द्यावयाचे कोणाला? त्या मुलाला, की त्याच्या घराला?

बहुतेक आईबापांचे उत्तर ठरलेले असते. विहिरीवरचा पंप बिघडला म्हणजे तो मिस्त्रीकडे नेऊन टाकावा आणि दुरुस्त झाल्याचा निरोप आला म्हणजे घेऊन यावा, तसे ते मुलाला डॉक्टरकडे, वसतिगृहात किंवा दूरच्या नातेवाइकाकडे नेऊन टाकतात आणि विचारतात, "किती दिवसांत बरा होईल?" ह्यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. थकलेला, लाजेने खचलेला माणूस दुसरे काय विचारणार? परंतु पंप आणि मुलगा ह्यांत एक फरक आहे. पंप परत आल्यावर विहिरीचे पाणी त्याला नव्याने बिघडवीत नाही. मुलगा मात्र परत येतो तो त्याच उंबरठ्याच्या आत, त्याच माणसांत आणि त्याच बोलण्यांत.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम परमुलखात जाण्याचे कारण नाही. आपल्याच वऱ्हाडातील एका घराची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. फक्त ती ह्या दृष्टीने आपण वाचलेली नाही.

अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर आणि सखूबाई ह्या परीट दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव डेबूजी. पुढे सारा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. त्या काळी जातीच्या पंगतीत, देवाच्या नवसात, बारशात आणि लग्नात बकरा व दारू ही चालत आलेली रीत होती. झिंगराजी त्या रीतीतूनच दारूच्या आहारी गेला. संसार गेला, शरीर गेले, आणि डेबू आठेक वर्षांचा असतानाच बापही गेला. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी आली. ते माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे. आजच्या हिशेबाने अकोला जिल्हा. मामा चंद्रभान ह्यांच्या घरी डेबूने गुरे राखली, शेतीची कामे केली, भजनाचा नाद लावून घेतला.

येथे थोडे थांबू. डेबू स्वतः व्यसनी नव्हता. पण तो व्यसनाच्या घरचे मूल होता. अशा घरातली किती मुले बापाच्या वाटेने जातात, हे आपण आपल्या गल्लीत पाहतो. मग डेबू का गेला नाही? त्याच्या अंगी असामान्यत्व होते, हे उत्तर सोपे आहे आणि ते खोटेही नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली होती. एका स्त्रीने आपल्या मुलाभोवतीचे घर बदलले. नुसते गाव बदलले नाही. काम सांगणारा, लक्ष ठेवणारा आणि आपले म्हणणारा वडीलधारा मुलाला मिळवून दिला.

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे. डेबूजी मोठे झाले, लग्न झाले, मुलगी झाली. मुलीच्या बारशाला जातभाई जमले. रीतीप्रमाणे बकरा आणि दारू हवी होती. डेबूजींनी ती दिली नाही. गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, कुजबुज झाली. पण पंगत तशीच उठली. विचार करा, त्यांना एकट्यापुरते व्रत घेता आले असते. 'मी पीत नाही, तुमचे तुम्ही पाहा' असे म्हणून ते मोकळे झाले असते. तसे त्यांनी केले नाही. दारू घरात आली होती ती पंगतीच्या वाटेने. म्हणून त्यांनी पंगतच बदलली, आणि तीही पाळण्यातल्या मुलीच्या साक्षीने. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले हे खरे. परंतु घर सोडलेला हा माणूस जन्मभर बोलत राहिला तो घर करून राहणाऱ्यांशीच. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे सांगणे पोरांना उद्देशून नव्हते; पोरांच्या आईबापांना उद्देशून होते.

आता व्यसन घरात शिरते कसे, ह्याचाही थोडा इतिहास पाहिला पाहिजे. वऱ्हाडचा कारभार निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या हाती आला. इंग्रजी अमलात दारूची विक्री ही सरकारी उत्पन्नाची बाब होती. ठेके दिले जात आणि ठेकेदाराला गिऱ्हाईक वाढण्यातच लाभ असे. हे झाले बाहेरचे. घरातले चित्र अधिक अवघड आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. त्या आईला मुलाचे वाईट करावयाचे होते काय? मुळीच नाही. कामावर गेले नाही तर चूल पेटत नव्हती, आणि मुलाकडे पाहायला कोणी नव्हते. नशेचा पहिला घास पुष्कळदा असा मायेच्याच हाताने, नाइलाजाने दिला गेलेला असतो.

आज बाळगोळी गेली. पण तिची भावंडे आहेत. आपल्या विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ चौकाचौकात मिळतो. घरी बाप खातो, काका खातो, पाहुणा आला की त्याच्यापुढे होतो. आणि पानठेल्यावरून तो आणावयाला पाठवितात कोणाला? दहा वर्षांच्या पोराला! अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आपण पोराला नुसते दुकानी धाडीत नाही. दुकानदाराला गुन्हा करावयास सांगतो, आणि कायदा हा असाच गुंडाळून ठेवावयाचा असतो, हा धडा पोराला फुकट देतो. खर्ऱ्याच्या पुढे दारू, गांजा आणि हुंगावयाची द्रव्ये उभीच असतात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी दिसली. हुंगावयाच्या द्रव्यांचे व्यसन तेवढे असे आहे की त्यात मुलांनी मोठ्यांना मागे टाकले आहे. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. रंगाचा पातळक, चिकटविण्याचे द्रव्य, खोडण्याची पांढरी शाई ह्यांपैकी एकही वस्तू दारूच्या दुकानातून येत नाही. ती दप्तरातून आणि घरातल्या फडताळातून येते.

मग समाजाने ह्यावर काय केले? इतिहासात दोन रस्ते दिसतात. पहिला रस्ता मुलाला घरापासून तोडण्याचा. १८५० साली बिघडलेल्या व पोरक्या मुलांना उमेदवारीवर धाडण्याचा कायदा झाला. १८९७ साली सुधारगृहांचा कायदा झाला. मध्यप्रांताने १९२८ साली बोर्स्टलचा कायदा करून तरुण गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी वेगळ्या शाळेत ठेवण्याची सोय केली. ह्या कायद्यांची थट्टा करणे योग्य होणार नाही. मुलाला सराईत चोरांबरोबर कोंडण्यापेक्षा त्याला सुतारकाम शिकविणे केव्हाही बरे. दुसरीकडे दुकानच बंद करण्याचाही प्रयत्न झाला. १९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आल्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. पण एका कायद्याने मूल उचलले, दुसऱ्याने दुकान मिटले. मधले घर होते तेथेच आणि होते तसेच राहिले.

ह्या रस्त्याची उणीव कोणती, हे फार स्पष्टपणे दिसून आले ते अमेरिकेत. न्यूयॉर्कजवळ विल्ट्विक नावाची एक निवासी शाळा होती. शहरातल्या गरीब वस्तीतील बिघडलेली मुले तेथे ठेवीत. साल्व्हादोर मिनुशिन हे मनोवैद्य १९६० च्या सुमारास तेथे काम करीत. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानी आले, की मुलगा शाळेत असेतो सुधारतो आणि घरी गेला की पूर्वपदावर येतो. तेव्हा त्यांनी मुलावरची नजर काढून ती घरावर वळविली. आई, भावंडे, आजी, सर्वांना एकत्र बसवून ते एकमेकांशी कसे बोलतात हे पाहू लागले. ह्या अनुभवाचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला, आणि कुटुंबोपचार ह्या शाखेला त्यातून मोठे बळ मिळाले.

दुसरा रस्ता हा असा घराला बरोबर घेण्याचा. तो केवळ परदेशी आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. त्यात मुलाबरोबर त्याच्या आईबापांशी बोलणे हे कामाचे अंगच होते. त्याहून हृद्य उदाहरण अमृतसरचे. १९५० नंतरच्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णांसह तेथे राहू दिले. ज्यांना घरचे लोक टाकून जात, त्यांच्याजवळ घरचेच लोक बसू लागले. रुग्णाशी कसे वागावे हे नातेवाईक तेथे शिकले आणि गावी जाऊन इतरांना सांगू लागले. अमेरिकेत मद्यपींच्या कुटुंबीयांची अल-अनॉन ही संघटना १९५१ साली आणि त्यांच्या किशोरवयीन मुलांची अल-अटीन १९५७ साली उभी राहिली. मद्रासेत शांती रंगनाथन ह्यांनी, पतीच्या मद्यपानाने आलेले वैधव्य सोसून, १९८० साली व्यसनमुक्तीची संस्था काढली आणि कुटुंबीयांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला.

आणि आपल्या महाराष्ट्रात? पुण्यात १९८५ च्या आसपास गर्दचे लोण आले. कॉलेजातली कोवळी पोरे त्यात सापडली. डॉ. अनिल अवचट ह्यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे ह्यांनी एक लाख रुपयांची देणगी पुढे केली आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनी १९८६ साली मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. तेथे रुग्णाच्या पत्नीसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नवऱ्याचे व्यसन सुटावयाचे तर बायकोला मन मोकळे करावयास जागा पाहिजे, हा त्यामागचा विचार. जे पत्नीला लागू, तेच आईबापांनाही लागू.

येथे कोणी शंका घेईल, आणि ती रास्त आहे. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण सांगून तुम्ही आईबापांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता की काय? आमचा अभिप्राय तसा नाही. चांगल्या घरातली मुलेही बिघडतात. संगत असते, वय असते, मनाचा छुपा आजार असतो. बाप शेतीच्या कर्जात बुडालेला असतो. दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि उपाय कोणाच्या हाती आहे हा निराळाच प्रश्न. मुलाला विषमज्वर झाला तर तो आईने आणला असे कोणी म्हणत नाही. तरी उशाशी ती बसतेच. व्यसनाच्या आजारात मात्र आपण तिला खोलीबाहेर काढतो, हीच तक्रार आहे.

दुसरी शंका अशी, की ज्या घरात बापच पितो, हात टाकतो, त्या घरात मुलाला परत बसवावयाचे काय? नाही. तेथे मुलाचे रक्षण आधी. पण मग त्याला दुसरे कोणी वडीलधारे माणूस शोधून दिले पाहिजे; आजी, काका, मावशी, एखादा शिक्षक. डेबूला दापुऱ्याचे मामा मिळाले, तसे. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. मुलाची जबाबदारी घेणारे माणूस, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपला २०१५ चा बालन्याय कायदाही आज हेच बोलतो. मुलाच्या हातून चूक झाली तर त्याला आणि त्याच्या आईबापांना समुपदेशन करून घरी जाऊ द्यावे, अशी मुभा त्यात मंडळाला आहे. 'आणि त्याच्या आईबापांना' ह्या शब्दांत १८५० पासूनचा सारा प्रवास आला.

आता प्रत्यक्षात हे घडते कसे? आपल्या कोणत्याही गावात हे दृश्य पाहावयास मिळते. पोराच्या खिशात पुडी सापडते. आई ती चुलीत टाकते आणि शाळेत जाऊन हात जोडते, "मास्तर, ह्याच्या बापाले सांगू नका बरं." चार महिन्यांनी बापाला कळते, तो पोराला पट्ट्याने झोडपतो आणि शेजारी मध्ये पडला तर म्हणतो, "माह्या पोराले मी पाहून घेतो, तुमी कायले मंदात पडता?" आई झाकते, बाप मारतो, आणि मुलगा त्या दोघांच्या मधल्या फटीतून पुन्हा बाहेर निसटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ह्या मुठीत निखारा असतो. ती जितका वेळ झाकावी तितका हातच भाजतो.

उपचार करणारा जाणता माणूस प्रथम ही फट बुजवितो. शरीराचे काम आधी डॉक्टरांचेच. दारू किंवा गर्द घरच्या घरी एकदम तोडणे धोक्याचे असते, हे विसरू नये. त्यानंतर तो आईबापांना शेजारी बसवून चार-पाच साध्या गोष्टींवर एकमत करावयास लावतो. संध्याकाळी किती वाजता घरी यावयाचे, पैसे किती व कोणाच्या हातून द्यावयाचे, नियम मोडला तर काय होईल. आणि जे सांगितले तेच दोघांनीही करावयाचे. मित्र कोण आहेत हे ठाऊक असावे. त्यासाठी हेरगिरी नको, त्यांना घरी जेवावयास बोलवावे. दिवसातून थोडा वेळ तरी मुलाशी असे बोलावे की ज्यात व्यसनाचा शब्दही नसेल. शाळेपासून लपवू नये. आणि सहा महिन्यांनी मुलगा पुन्हा घसरला तर 'सगळे वाया गेले' म्हणून हात झटकू नयेत; विषमज्वर उलटतो तसा हाही आजार उलटतो. बापाच्या गालात खर्रा असेल, तर त्याचीही चर्चा त्याच बैठकीत होते. ह्यापरते कठीण काम बापाला दुसरे नसेल. पण आपला बाप आपल्याबरोबर सोडू पाहतो आहे, हे मुलाने पाहणे मोलाचे असते.

'आमच्याकडे आईबाप येतच नाहीत' असे उपचार करणारे म्हणतात. ह्यालाही अनुभवाचे उत्तर आहे. अमेरिकेतील मायामी येथे होसे सापोझ्निक ह्यांनी स्पॅनिश भाषिक निर्वासितांच्या व स्थलांतरितांच्या वस्तीत व्यसनी किशोरांवर काम केले. १९८८ साली त्यांनी १०८ कुटुंबांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीप्रमाणे नुसते बोलावणे पाठविले तेव्हा ४२ टक्के कुटुंबे उपचारात आली; परंतु कोण अडून बसला आहे आणि का, हे समजून घेऊन, प्रसंगी त्याच्या घरी जाऊन, आर्जव केले तेव्हा ९३ टक्के आली. आईबाप येत नाहीत ते बेफिकिरीने नव्हे. आपल्याला दोषी ठरवतील ह्या भीतीने. ती भीती काढणे हा उपचाराचाच भाग आहे.

ही गोष्ट वऱ्हाडला नवी नसावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजविली. त्या प्रार्थनेत बाप पुढे आणि पोरगा ओट्याखाली असा भेद नसतो. दोघे एका रांगेत बसतात. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला देह ठेवला. परंतु त्यांच्या नावाची मुंबईच्या दादर भागातील धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. आजारी माणसाबरोबर त्याचे माणूसही राहिले पाहिजे, हे आपल्याकडे निरक्षर साधूला कळले होते. कर्करोगाच्या वेळी आपण ते मानतो. व्यसनाच्या वेळी मात्र आपल्याला लाज आडवी येते.

म्हणून आमची विनंती एवढीच. अमरावतीत, अकोल्यात किंवा एखाद्या खेड्यात उद्या कोणी बाप मुलाचा दंड धरून दवाखान्याच्या दारात उभा राहील आणि विचारील, "ह्याला किती दिवस ठेवू?" त्या वेळी आतल्या माणसाने आणखी एक खुर्ची पुढे करावी आणि म्हणावे, "बसा दादा. वहिनींनाही बोलवा. बोलायचे आहे ते तुम्हां तिघांशीही."